ठाणे–नवी मुंबईतून गणित किंवा संख्याशास्त्रात एम.एस्सी. : कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी एम.एस्सी.बद्दल विचारायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी "प्रवेश कुठे मिळेल?" हाच असतो. मी नेरूळला पदवीच्या मुलामुलींना गणित शिकवतो. पहिल्या सत्रात अडकलेले जे विद्यार्थी मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांना प्रवेश व्यवस्थित मिळालेला होता. त्यांचे चुकले ते क्रमात. विषय न ठरवता अर्ज भरले, दाखले शेवटच्या आठवड्यात काढायला घेतले, परीक्षा संपल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे दोन-अडीच महिने तसेच जाऊ दिले आणि सिद्धता लिहिण्याची सवय नसताना थेट पदव्युत्तर वर्गात जाऊन बसले. म्हणून पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्याच क्रमाने करावेत.

हा लेख दोन वर्षांच्या, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या पदवीविषयी आहे. व्याख्याने, अंतर्गत चाचण्या, लेखी परीक्षा आणि शेवटी प्रकल्प असे तिचे स्वरूप असते. पीएच.डी.ची तयारी हा वेगळा विषय आहे.

टप्पा १ : आधी विषय ठरवा (शेवटच्या वर्षाचा जुलै)

गणित की संख्याशास्त्र, हे गुणपत्रिका पाहून ठरत नाही. त्यासाठी दोन छोटे प्रयोग करून पाहावेत. पहिल्या प्रयोगासाठी एक संध्याकाळ ठेवा आणि पुस्तक मिटून, "वाढत जाणारी आणि वरून मर्यादित असलेली क्रमिका अभिसारी असते" हे विधान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सिद्ध करण्याचा प्रयत्न करा. दुसऱ्या प्रयोगाला पंधरा दिवस लागतात. तुमची रोजची लोकल किती मिनिटे उशिरा आली ते वहीत नोंदवा आणि मग "सोमवारी उशीर खरोखर जास्त होतो का?" या प्रश्नाचे उत्तर द्या. उत्तर देताना तुम्ही काय गृहीत धरले आणि एवढ्या नोंदींत किती सोमवार आले, हेही लिहा. ज्या कामात वेळ कसा गेला ते कळले नाही, तो तुमचा विषय.

पुढे काय करायचे आहे, याचाही विचार याच वेळी करावा. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे असेल तर पदव्युत्तर पदवीत किमान ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गांसाठी ५० टक्के) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. सीएसआयआर-यूजीसी नेटमधला 'गणितीय विज्ञान' हा विषय गणित व संख्याशास्त्र या दोन्ही शाखांना सामावून घेतो. गेट या राष्ट्रीय परीक्षेत मात्र गणित आणि संख्याशास्त्र यांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. केंद्राच्या भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा संघ लोकसेवा आयोग घेतो आणि तिथे संख्याशास्त्राची पार्श्वभूमी लागते. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे असेल तर एम.एस्सी.च्या जोडीला बी.एड. लागते, हे पुष्कळांना एम.एस्सी. संपल्यावर कळते.

*सावधान :* "गणित अवघड वाटते, म्हणून संख्याशास्त्र" हा निर्णय हमखास अंगलट येतो. एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात संभाव्यता सिद्धांत माप सिद्धांताच्या (मेझर थिअरीच्या) पायावर शिकवला जातो आणि रेषीय प्रतिमाने समजून घ्यायला मॅट्रिक्सचे रँक, प्रोजेक्शन आणि आयगन मूल्ये हाताखालची असावी लागतात. गणित टाळून या विषयात शिरता येत नाही.

टप्पा २ : पर्यायांची यादी आणि त्यांचे वेळापत्रक (ऑगस्ट)

एका कागदावर चार रकाने आखा : संस्था, प्रवेशाचा मार्ग, अर्जाचा काळ आणि घरापासूनचा प्रवास. ठाणे–नवी मुंबईच्या विद्यार्थ्यासाठी यादी साधारण अशी होते.

मुंबई विद्यापीठाचे गणित आणि संख्याशास्त्र हे विभाग कलिन्याच्या विद्यानगरी परिसरात आहेत. शिवाय संलग्न महाविद्यालयांत एम.एस्सी.चे वर्ग चालतात. पण प्रत्येक महाविद्यालयात दोन्ही विषय असतीलच असे नाही, त्यामुळे जवळच्या महाविद्यालयात जाऊन हा वर्ग यंदा चालू आहे का, हे प्रत्यक्ष विचारावे. पवईच्या आयआयटीत आणि अन्य आयआयटींत प्रवेश जॅम या परीक्षेतून होतो. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम.स्टॅट. व एम.मॅथ. या पदव्यांसाठी आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसाठी प्रवेश परीक्षा वेगळ्या असतात, आणि त्यांत सिद्धता लिहिण्याची कसोटी लागते. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे, तिथे गणित व संख्याशास्त्राच्या प्रश्नपत्रिका निरनिराळ्या असतात. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाची प्रक्रिया स्वतंत्र आहे. संख्याशास्त्राकडे वळणाऱ्यांच्या यादीत आणखी एक संस्था असायला हवी, आणि ती बहुतेकांना माहीत नसते : देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. तिथे जैवसंख्याशास्त्र व लोकसंख्याशास्त्राची एम.एस्सी. होते. हार्बर मार्गावरच्या गोवंडी स्टेशनावर उतरायचे असल्यामुळे वाशी–नेरूळ–बेलापूरच्या विद्यार्थ्यांना ती कलिन्यापेक्षाही सोयीची पडते.

नोकरी करणाऱ्यांसाठी मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्रातून (पूर्वीचे आयडॉल) गणिताची पदव्युत्तर पदवी घेता येते. मात्र घरी बसून सिद्धता शिकताना आपली चूक दाखवून देणारे कोणी नसते, त्यामुळे हा मार्ग घेणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी लिहिलेले काम तपासून देणारी व्यक्ती आधी शोधावी.

वेळापत्रक साधारण असे असते : जॅमचे अर्ज सप्टेंबर–ऑक्टोबरात आणि परीक्षा फेब्रुवारीत, भारतीय सांख्यिकी संस्थेची परीक्षा मे महिन्यात, विद्यापीठाचे प्रवेश पदवीच्या निकालाच्या आसपास. नेमक्या तारखा दरवर्षी अधिकृत सूचनेतूनच घ्याव्यात, गेल्या वर्षीच्या तारखांवर विसंबू नये.

*तपासा :* पात्रतेची अट शब्दशः वाचली का? "पदवीला संख्याशास्त्र मुख्य विषय" आणि "पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र" या दोन अटींत फार फरक आहे. गणितात बी.एस्सी. केलेल्या विद्यार्थ्याला काही ठिकाणी संख्याशास्त्राचा अर्जच भरता येत नाही.

टप्पा ३ : दाखले आणि कागदपत्रे (ऑगस्ट ते ऑक्टोबर)

हे काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते मागे पडते. सहा सत्रांच्या गुणपत्रिका, दहावी–बारावीची प्रमाणपत्रे, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (विद्यार्थ्याने मिळवलेल्या क्रेडिटची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेचा) क्रमांक एवढी मूळ यादी धरावी. आधार कार्ड, दहावीचे प्रमाणपत्र आणि पदवीची गुणपत्रिका या तिन्हींवर नावाचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर सारखे आहे का, ते आधी पाहावे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त होते. ते दुरुस्त होईपर्यंत तिच्या प्रवेशाची पहिली फेरी संपली होती.

आरक्षणाच्या दाखल्यांबाबत महाराष्ट्रातले विद्यार्थी एक चूक वर्षानुवर्षे करत आले आहेत. राज्याची यादी आणि केंद्राची यादी वेगवेगळ्या आहेत. विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्ग यांतला विद्यार्थी आयआयटीसारख्या केंद्रीय संस्थेत त्या नावाने आरक्षण मागू शकत नाही. त्याची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल, तर केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी-नॉन क्रीमी लेयर दाखला काढावा लागतो. राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गही केंद्रीय संस्थांत चालत नाही. शिवाय केंद्रीय संस्था प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेला नॉन क्रीमी लेयर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मागतात. म्हणून राज्याच्या नमुन्यातला, तीन वर्षे चालणारा दाखला फाइलमध्ये आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

*सावधान :* आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करताना "केंद्र शासनाच्या नमुन्यात" हे शब्द स्पष्ट सांगा आणि दाखला हातात आल्यावर तिथेच उभे राहून वाचा. जूनमध्ये तहसील आणि प्रांत कार्यालयांत अकरावीपासून सगळ्या प्रवेशांची गर्दी असते. नव्या दाखल्याचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात टाकलेला बरा.

टप्पा ४ : पायाची दुरुस्ती (दिवाळीपासून वर्ग सुरू होईपर्यंत)

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा टप्पा हाच आहे, आणि नेमका हाच वगळला जातो. पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र शिकताना पाठांतरावर ६०–७० टक्के गुण मिळू शकतात, कारण प्रश्नांचे साचे ठरलेले असतात. एम.एस्सी.त साचा मोडतो. व्याख्या तीच राहते, पण प्रश्न कधीही न पाहिलेला असतो.

दुरुस्तीसाठी तीनच विषय धरावेत, त्यांहून अधिक नकोत : रिअल ॲनालिसिस (क्रमिका, श्रेणी, सांतत्य, रीमान संकलन), लिनिअर अल्जिब्रा (सदिश अवकाश, रेषीय रूपांतरण, आयगन मूल्ये, अंतर्गुणन) आणि गणितवाल्यांनी ग्रुप थिअरी, संख्याशास्त्रवाल्यांनी संभाव्यता व वितरणे. प्रत्येक विषयासाठी एकच पुस्तक घ्यावे. पाच पुस्तकांची पहिली तीन-तीन प्रकरणे वाचलेला विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो, आणि चौथ्या प्रकरणातला प्रश्न त्याला कुठल्याच पुस्तकातला सुटत नाही.

रोजचे काम असे असावे. एक व्याख्या न पाहता लिहा. तिचे एक उदाहरण आणि तिच्यात न बसणारे एक उदाहरण लिहा. मग त्या व्याख्येवरचे एक विधान सिद्ध करा. दुसऱ्या दिवशी कालची सिद्धता परक्याची म्हणून वाचा आणि प्रत्येक ओळीपुढे "हे कशावरून?" असे विचारा. ज्या ओळीचे उत्तर देता येत नाही, तिच्याखाली लाल रेघ मारा. पहिल्या आठवड्यात पान लाल होते, आणि ते तसे व्हायलाच हवे.

चूक कशी होते ते एका उदाहरणात पाहू. एकसमान सांतत्य, म्हणजे वर्गात सगळे ज्याला युनिफॉर्म कन्टिन्युइटी म्हणतात, त्यावरचा प्रश्न घ्या (व्याख्या अशी : प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी असा एक धन डेल्टा मिळतो, की कुठल्याही दोन बिंदूंतले अंतर डेल्टापेक्षा कमी असले की फंक्शनच्या मूल्यांतला फरक एप्सिलॉनपेक्षा कमी राहतो) : "क्षचा वर्ग हे फंक्शन सर्व वास्तव संख्यांवर एकसमान संतत नाही, हे सिद्ध करा." बहुतेक उत्तरांत "आलेख उभा होत जातो, म्हणून नाही" एवढे एक वाक्य असते. ते खरे आहे, पण ती सिद्धता नव्हे. सिद्धता अशी होते : एप्सिलॉन १ घ्या. आता कोणताही धन डेल्टा दिलेला असो, क्ष म्हणजे १/डेल्टा आणि य म्हणजे क्ष + डेल्टा/२ घ्या. या दोन संख्यांमधले अंतर डेल्टा/२, म्हणजे डेल्टापेक्षा कमी आहे. त्यांच्या वर्गांतला फरक मात्र २ × क्ष × डेल्टा/२ अधिक डेल्टाच्या वर्गाचा चौथा भाग, म्हणजेच १ अधिक एक धन संख्या इतका येतो, आणि तो १ पेक्षा मोठा आहे. कोणताच डेल्टा पुरत नाही, म्हणून फंक्शन एकसमान संतत नाही. इथे सगळे मर्म क्रमात आहे : आधी एप्सिलॉन पक्का केला, मग डेल्टा समोरच्याला निवडू दिला आणि त्यानंतरच क्ष निवडला. हा क्रम उलटला की, प्रत्येक ओळ खरी असूनही सिद्धता कोसळते. "प्रत्येकासाठी" आणि "असा एक तरी आहे" या दोन शब्दप्रयोगांची जागा ज्याला सांभाळता येते, त्याचा पहिल्या सत्राचा निम्मा त्रास वाचतो.

संख्याशास्त्रात याच जातीची एक चूक होते. ० ते थीटा या पट्ट्यातल्या एकसमान वितरणातून पाच निरीक्षणे मिळाली : २.१, ३.७, ५.२, ४.४ आणि १.९. थीटाचा महत्तम संभाव्यता आकलक, म्हणजे एमएलई काढायचा आहे. सवयीने विद्यार्थी लाइकलीहूडचा (थीटाच्या प्रत्येक मूल्याला ही निरीक्षणे मिळणे किती संभाव्य, ते सांगणाऱ्या फंक्शनचा) लॉग घेतो, अवकलन करतो, शून्याशी समीकरण मांडतो, आणि उत्तर येत नाही. कारण अवकलज कधी शून्य होतच नाही. मग काही जण "आकलक अस्तित्वात नाही" असे लिहून मोकळे होतात. खरे पाहता लाइकलीहूड थीटा वाढेल तसे घटत जाते, आणि थीटा सर्वांत मोठ्या निरीक्षणापेक्षा लहान असूच शकत नाही. म्हणून महत्तम मूल्य त्या टोकाशीच मिळते आणि आकलक ५.२ येतो. तो सरासरीने थोडा कमीच पडतो. ६/५ ने गुणल्यावर ६.२४ हा अनभिनत, म्हणजे सरासरीने थीटाइतकाच येणारा आकलक मिळतो. सरासरीच्या दुप्पट घेण्याच्या पद्धतीने ६.९२ येतात. अशा प्रश्नात पहिली ओळ कायम एकच असावी : चलाचा पल्ला प्राचलावर (इथे थीटावर) अवलंबून आहे का? ही ओळ लिहायची सवय लागल्याशिवाय एस्टिमेशनच्या पेपरला बसू नये.

संख्याशास्त्रवाल्यांनी या काळात आर किंवा पायथन यांपैकी एका भाषेत हात बसवावा. वरच्या तिन्ही आकलकांची तुलना दहा हजार नमुने तयार करून करणे हा पहिला सराव म्हणून उत्तम आहे. दहा-बारा ओळींत काम होते, आणि "अनभिनत" या शब्दाचा अर्थ डोळ्यांना दिसतो.

उन्हाळ्यात एमटीटीएस हा पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचा गणित प्रशिक्षण कार्यक्रम असतो. तिथे पाठांतराला थारा नसतो, शिक्षक प्रश्न विचारत राहतात आणि विद्यार्थ्याला फळ्यावर उभे राहून उत्तर द्यावे लागते. निवड झाली तर जरूर जावे. राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाची पदव्युत्तर शिष्यवृत्तीही याच तयारीच्या जोरावर मिळते, तिची सूचना चुकवू नये.

*तपासा :* मेच्या अखेरीस कोऱ्या कागदावर, न पाहता, तीस व्याख्या उदाहरणांसह लिहिता येतात का? येत नसतील तर पुढची प्रकरणे उघडू नका.

टप्पा ५ : प्रवेश परीक्षा

जॅमविषयी थोडक्यात. परीक्षा तीन तासांची, साठ प्रश्नांची आणि शंभर गुणांची असते. अ विभागात तीस बहुपर्यायी प्रश्न असतात. त्यांत चुकीच्या उत्तराला एक गुणाच्या प्रश्नात १/३ आणि दोन गुणांच्या प्रश्नात २/३ गुण कापले जातात. ब विभागातल्या दहा प्रश्नांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात. तिथे ऋण गुण नाहीत, पण अर्धवट गुणही नाहीत. क विभागातल्या वीस प्रश्नांचे उत्तर संख्येत भरायचे असते आणि तिथेही ऋण गुण नाहीत. म्हणजे ब आणि क मिळून पन्नास गुण असे आहेत, जिथे चुकल्याने काही जात नाही. तरीही विद्यार्थी अ विभागात दोन तास घालवतात आणि क विभागाला पोहोचतात तेव्हा घाईत दशांश चिन्ह चुकवतात. निदान शेवटची पन्नास मिनिटे क विभागासाठी राखून ठेवा. स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो, म्हणून सरावही त्यावरच करावा.

गेल्या काही वर्षांत गणिताची प्रश्नपत्रिका सकाळी आणि गणितीय संख्याशास्त्राची दुपारी होत आली आहे, त्यामुळे दोन्ही देता येतात. मात्र टप्पा १ प्रामाणिकपणे केला असेल तर एकीचीच तयारी पूर्ण करणे जास्त फायद्याचे ठरते.

*सावधान :* जॅम उत्तीर्ण झाले म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे नाही. आयआयटींसाठी जोॲप्स पोर्टलवर वेगळा अर्ज भरावा लागतो, आणि एनआयटी व काही इतर संस्थांसाठी सीसीएमएन ही आणखी वेगळी नोंदणी असते. चांगला क्रमांक मिळवूनही केवळ दुसरी नोंदणी न केल्यामुळे वर्ष गमावलेले विद्यार्थी मला माहीत आहेत.

टप्पा ६ : प्रवेश घेताना अभ्यासक्रम वाचा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीची रचना बदलली. एकूण ८८ क्रेडिट, दर सत्राला २२. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४ क्रेडिट, दुसऱ्यात प्रत्यक्ष कार्यानुभवाचे म्हणजे ओजेटीचे ४, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाचे ४ आणि चौथ्यात प्रकल्पाचेच ६. बाकी अनिवार्य आणि निवडक विषय. एका वर्षानंतर ४४ क्रेडिटवर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळू शकते. हे आकडे पाठ असण्याची गरज नाही, पण प्रकल्प आणि कार्यानुभव मिळून १४ क्रेडिट होतात, हे प्रवेशाच्या दिवशीच लक्षात घ्यावे.

निवडक विषय मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नये. पुढच्या सत्रात जे विषय हवे आहेत, त्यांना आधी काय लागते ते पाहून उलट दिशेने यावे : फंक्शनल ॲनालिसिस हवे असेल तर त्याआधी टोपॉलॉजी आणि माप सिद्धांत, सर्व्हायव्हल ॲनालिसिस हवे असेल तर त्याआधी एस्टिमेशन आणि स्टोकॅस्टिक प्रोसेसेस. छापील यादीतले सगळे निवडक विषय दरवर्षी शिकवले जात नाहीत. यंदा कोणते चालणार आहेत, हे कार्यालयात नव्हे, विभागात शिक्षकांनाच विचारावे.

टप्पा ७ : पहिले सहा आठवडे

मी स्वतः पहिल्या सत्रात फळ्यावरचे सगळे सुवाच्य अक्षरांत उतरवून घेत असे. वह्या सुरेख झाल्या. पहिल्या अंतर्गत चाचणीत ॲनालिसिसला २५ पैकी ७ गुण पडले, तेव्हा कळले की त्या वह्यांतली एकही सिद्धता मी स्वतःच्या हाताने, न पाहता लिहिलेली नव्हती. पुढची तीन सत्रे मी एक साधा नियम पाळला : ज्या दिवशी व्याख्यान, त्याच रात्री ते न पाहता एका पानात लिहायचे. पाऊण तास लागतो. हे काम शनिवारवर ढकलले की चार विषयांची चार-चार व्याख्याने साचतात आणि ती भरून निघत नाहीत.

प्रवासाचा हिशेबही याच आठवड्यांत बसवावा. ठाण्याहून किंवा पनवेलहून कुर्ल्याला गाडी, तिथून विद्यानगरीला बस किंवा रिक्षा, असे रोजचे जाऊन-येऊन अडीच-तीन तास सहज जातात. उभ्याने नवे प्रकरण वाचता येत नाही, तसा प्रयत्नही करू नये. गाडीसाठी चिठ्ठ्या कराव्यात. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एका बाजूला फक्त नाव, समजा 'कॉम्पॅक्ट संच'. मागे व्याख्या : प्रत्येक विवृत आच्छादनाला (ओपन कव्हर) सांत उपआच्छादन (फायनाइट सबकव्हर) असते. खाली उदाहरण, टोकांसह ० ते १. त्याखाली न बसणारे उदाहरण, टोकांविना ० ते १, आणि कारण : १/न ते १ हे अंतराल मिळून सगळा संच झाकतात, पण त्यांतले मोजकेच घेतले तर शून्याजवळचा भाग उघडा राहतो. वाशीचा पूल ओलांडेपर्यंत अशा पाच चिठ्ठ्या मनातल्या मनात म्हणून होतात. पावसाळ्यात गाड्या थांबल्या तरी हे काम थांबत नाही.

अभ्यासगट तिघांचा असावा, चौघांचा फार तर. त्यात एक जण फळ्यावर सिद्धता मांडतो आणि बाकीचे अडवतात. एकाने सोडवायचे आणि इतरांनी उतरवायचे, असा गट असेल तर तो सोडून द्यावा.

*सावधान :* अंतर्गत गुणांचा वाटा आता मोठा आहे. चाचणी बुडवून लेखी परीक्षेत भरून काढण्याचा हिशेब जुन्या पद्धतीचा आहे, तो लागू पडत नाही. उत्तीर्णतेचे नियम पहिल्याच आठवड्यात वाचून ठेवा.

*तपासा :* सहाव्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक विषयातला असा एक प्रश्न सांगता येतो का, जो आधी सुटत नव्हता आणि आता सुटतो? एखाद्या विषयात उत्तर "नाही" आले, तर त्या शिक्षकांना त्याच आठवड्यात भेटा. भेटायला जाताना कोरी वही नको. अर्धवट राहिलेली सिद्धता आणि अडलेली ओळ दाखवा, म्हणजे दहा मिनिटांत काम होते.

टप्पा ८ : कार्यानुभव आणि प्रकल्प

कार्यानुभव दुसऱ्या सत्रात असतो, पण त्यासाठीची पत्रे पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी जायला हवीत. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना महापे–ऐरोली पट्ट्यातल्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्या, तळोजा आणि टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रांतले गुणवत्ता नियंत्रण विभाग, रुग्णालये आणि विमा कार्यालये हे पर्याय आहेत. गणिताच्या विद्यार्थ्यांची जास्त ओढाताण होते. त्यांच्यासाठी अध्यापन-साहाय्य, प्रश्नसंचनिर्मिती किंवा संगणकीय गणिताचे काम चालते का, हे विभागाकडून आधी लेखी मान्य करून घ्यावे. सोबत एक पानी टिपण ठेवावे : मला काय येते, मी किती तास देऊ शकतो, माझ्याकडून कोणते काम घेता येईल. नुसता बायोडेटा बाजूला पडतो.

प्रकल्पाचा मार्गदर्शक दुसऱ्या सत्राच्या अखेरीस ठरवावा. विषय निवडताना सर्वांत सामान्य चूक म्हणजे फार मोठा विषय. "मशीन लर्निंगचे उपयोग" हा प्रकल्पाचा विषय होत नाही. एक प्रमेय, त्याची संपूर्ण सिद्धता, त्याच्या अटींतली एकेक काढून टाकल्यावर काय बिघडते त्याची उदाहरणे, एवढे गणिताच्या प्रकल्पाला पुरते. संख्याशास्त्रात आधी माहिती प्रत्यक्ष हातात घ्या आणि मगच शीर्षक लिहा. "माहिती मिळेल" या भरवशावर ठरवलेले प्रकल्प चौथ्या सत्रात जानेवारीत बदलावे लागतात.

टप्पा ९ : शेवटचे सत्र

लेखी परीक्षेसाठी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना घड्याळ लावावे आणि उत्तर पूर्ण वाक्यांत लिहावे. कोणते प्रमेय वापरले, त्याच्या अटी इथे पूर्ण होतात का, हे दोन्ही लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहू नये. गुण बहुधा तिथेच जातात.

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुतेक वेळा प्रबंधातल्या एखाद्या साध्या व्याख्येवरचा असतो. पहिल्या सत्रातल्या चिठ्ठ्या फेकून दिल्या नसतील, तर त्या आदल्या रात्री काढाव्यात.

निकाल लागल्यावर गुणपत्रिकेवरचे नाव, चारही सत्रांची क्रेडिट आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधली नोंद जुळते का, ते त्याच आठवड्यात पाहावे. एखाद्या विषयाचे किंवा कार्यानुभवाचे क्रेडिट तिथे दिसत नसेल, तर विभागातले शिक्षक आणि कागद जागेवर आहेत तोवर लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि त्या पोचेची एक प्रत पदवी प्रमाणपत्राच्या अर्जासोबत ठेवावी.